ऐकण्याचा तास

मुरगावच्या मराठी प्राथमिक वर्गात घरी कोंकणी, उर्दू अथवा कानडी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. 'हा लक्ष देत नाही' असा ठपका आम्हीही पुष्कळदा ठेवला. वस्तुतः शब्दच त्याच्या कानास अनोळखी असत.

म्हणून प्रथम पडद्यावर बोलती चित्रकथा दाखविली. मुले खूष! पण विचारताच रंग, प्राणी सारे आठवले. वाक्य एकही नाही. डोळ्यांनी कानांचे काम हिरावून घेतले होते. मग क्रम उलटा केला. आधी एकच प्रश्न : 'होडी कोठे अडकली?' नंतर पडदा झाकून तीन मिनिटांची गोष्ट दोनदा ऐकवायची, चित्र शेवटी. आपल्या मनातली होडी आणि पडद्यावरची होडी यांवरून मुले चक्क मराठीत भांडू लागली!

ही रीत नवी नव्हे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे चालविली. कार्यक्रम संपताच तेथे चर्चा होई. २०२० मध्ये शाळा बंद असता नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' घरोघरी पोचली.

पालकांनी मोबाइलवर गोष्ट जरूर लावावी, पण तो उपडा ठेवावा, आणि जवळ बसून 'पुढे काय झाले?' विचारावे. उत्तर कोंकणीत वा उर्दूत आले तरी हरकत नाही.