नियम पाठ, अट गायब

माझी पदवी राज्यशास्त्राची. दहावीनंतर विज्ञानाशी संबंध असा राहिलाच नव्हता. संयुक्त पूर्व परीक्षेच्या तयारीला लागले तेव्हा क्लासमधून सामान्य विज्ञानाच्या ‘वन लायनर’ची एक चोपडी मिळाली. भौतिक, रसायन, प्राणी, वनस्पती, आरोग्य, सगळं एकेका ओळीत बसवलेलं. ती मला तोंडपाठ होती. पेपरात प्रश्न आले ‘पुढीलपैकी योग्य विधाने ओळखा’ या धाटणीचे, आणि चोपडीत अक्षरशः असलेली विधानंच चुकीची निघाली. त्या प्रश्नांचे गुण तर गेलेच, वर चुकीच्या उत्तरांचे कापले गेले ते वेगळेच.

नंतर उत्तरतालिका आणि बालभारतीची पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवून बसले तेव्हा उलगडा झाला. चोपडीतली वाक्यं खोटी नव्हती, अर्धवट होती. शालेय विज्ञानातला बहुतेक नियम कुठल्या तरी अटीवर उभा असतो. वाक्य आखूड करायचं म्हटलं की पहिली कात्री त्या अटीवर चालते, आणि प्रश्न काढणारा नेमका तिथेच हात घालतो. आता नोकरी सांभाळून रविवारी अभ्यासिकेत मुलांना विज्ञान शिकवते, तेव्हा हे सगळ्यात आधी सांगते.

एक उदाहरण नीट बघू. ‘रोध जास्त, तर उष्णता जास्त.’ सूत्रही पाठ असतं: विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध गुणिले काळ. आता दोन पिवळे बल्ब घ्या, एक १०० वॅटचा, एक ४० वॅटचा, दोन्ही २३० व्होल्टचे. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट केलं की रोध मिळतो. १०० वॅटच्या बल्बचा ५२९ ओहम, ४० वॅटच्याचा सुमारे १३२२ ओहम. म्हणजे जास्त रोध लहान बल्बचा. घरात मात्र मोठाच लख्ख पेटतो. मुलं इथे गोंधळतात आणि ‘सूत्रात काहीतरी गडबड आहे’ म्हणून पान उलटतात. गडबड सूत्रात नाही. घरातली जोडणी समांतर असते. दोन्ही बल्बना व्होल्ट तेवढेच मिळतात आणि कमी रोधाच्या बल्बमधून धारा जास्त वाहते. तेच बल्ब एकसर जोडणीत लावले, तर दोघांतून धारा एकच वाहते. तेव्हा, आणि तेव्हाच, ‘रोध जास्त तर उष्णता जास्त’ हे वाक्य लागू पडतं. कागदावर हिशेब केला तर ४० वॅटच्या बल्बला सुमारे २० वॅट मिळतात आणि १०० वॅटच्याला जेमतेम ८. (तार पुरती तापलेली नसली की तिचा रोध कमी असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे सरकतात.) आमच्या इथल्या वायरमनच्या सिरीज बोर्डावर मी हे मुलांना दाखवलं आहे. लहान बल्ब पेटलेला आणि मोठ्याची तार नुसती लालसर, हे डोळ्यांनी बघितलेला मुलगा हा प्रश्न पुन्हा चुकत नाही. हे घरच्या विजेवर स्वतः करून बघू नका. जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

पाण्याचंही तसंच. ‘पाणी १०० अंशाला उकळतं’ हे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला खरं. महाबळेश्वरला ते साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास जातं. म्हणून तर डाळ तिथे लवकर शिजते. ‘तापवल्यावर पदार्थ प्रसरण पावतो’, पण ० ते ४ अंशांच्या दरम्यान पाणी तापवलं तर आकुंचन पावतं. ‘उष्णता दिली की तापमान वाढतं’, पण बर्फ वितळत असताना वाढत नाही. एका ग्रॅमला ८० कॅलरी पोटात घेऊनही काटा शून्यावरच राहतो. भांड्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्या, प्रयोगशाळेतला तापमापक बुडवा, मंद आचेवर ढवळत बसा. बर्फ संपेपर्यंत पारा हलत नाही. अप्रकट उष्मा समजायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

जीवशास्त्रात अट बहुतेक वेळा व्याख्येतच दडलेली असते. ‘धमन्यांत ऑक्सिजनयुक्त रक्त असतं’ हे सगळ्यांना पाठ. पण धमनीची व्याख्या आहे हृदयापासून दूर रक्त नेणारी वाहिनी. त्यामुळे फुप्फुसधमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि फुप्फुसशिरेत ऑक्सिजनयुक्त. व्याख्या हाताशी असेल तर हा अपवाद वेगळा घोकावा लागत नाही.

उजळणी करताना पुस्तकं सहावीपासून घ्या, थेट दहावीचं उघडू नका. सहावी ते आठवीचं सामान्य विज्ञान, मग नववीचं आणि दहावीचे दोन्ही भाग. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. पण इयत्तेनुसार वाचण्यापेक्षा विषयानुसार वाचलेलं माझ्या मते जास्त चांगलं. उष्णता घेतली की खालच्या इयत्तेपासून दहावीपर्यंतची सगळी प्रकरणं एका बैठकीत. नववीतली धाराविद्युत झाली की लगेच दहावीतले विद्युतधारेचे परिणाम. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे नियम, उजवीकडे तो कधी लागू होतो आणि कधी होत नाही. उजवी बाजू कोरी राहिली, तर ते प्रकरण अजून झालेलं नाही असं समजा.

गणितं सोडू नका. कला शाखेची मुलं ती हमखास सोडतात, आणि तिथेच वस्तुमान नि वजन यांचा घोळ कायम राहतो. ६० किलोग्रॅम हे वस्तुमान. पृथ्वीवर त्याचं वजन ६० गुणिले ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. चंद्रावर वजन सुमारे सहावा हिस्सा, वस्तुमान मात्र तेच ६०. दर ओळीला एकक लिहा, म्हणजे चूक आपोआप उघडी पडते.

जुन्या नोट्स कुणी फुकट दिल्या तरी घेण्याआधी चाळून बघा. प्लुटो अजून नववा ग्रह असेल, तर त्या २००६ च्या आधीच्या आहेत. आवर्तसारणीत ११८ मूलद्रव्यं आहेत का, तेही बघा. सगळ्यात शेवटी भर पडलेल्या चौघांना, निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन आणि ओगॅनेसन, ही नावं २०१६ मध्ये मिळाली. या दोन ठिकाणी नोट्स अडखळल्या, तर बाकीच्या पानांवर वेळ घालवू नका.