मेल कोणी उघडला? – ई-मेल व्हायरस आणि आपले नेटवर्क

संगणकाच्या व्हायरसवर लेख दिसला की बहुतेक जण पान उलटतात. मीही उलटायचो. 'अँटिव्हायरस टाका, अनोळखी मेल उघडू नका', यापलीकडे त्यात असतं तरी काय! पण तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इन-प्लांट ट्रेनिंगला जे पाहिलं, त्यानंतर हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही.

आपल्या जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई तयार करणारे कारखाने आहेत. त्यातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी महिनाभर होतो. अकाउंट्स, डिस्पॅच, स्टोअर, शेठची केबिन आणि गेटजवळचा वजनकाटा, असे सगळे कॉम्प्युटर एकाच स्विचला जोडलेले. डिस्पॅचवाल्यांना वजनकाट्याची फाईल रोज पेनड्राइव्हने आणावी लागायची. 'तू कॉम्प्युटरचा ना? मग हे जरा बघ,' असं मला सांगण्यात आलं. मी वजनकाट्याच्या मशीनवर एक फोल्डर शेअर करायला घेतला. सारखं 'अ‍ॅक्सेस डिनाईड' येत होतं. शेवटी कंटाळून अख्खा डी ड्राइव्हच शेअर केला आणि 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन टाकला. काम चाललं. शेठनी चहा पाजला. मी खूश!

पुढच्याच आठवड्यात अकाउंटंट काकांना एक मेल आला. विषय 'परचेस ऑर्डर'. सोबत झिप फाईल, आत पीडीएफचं चिन्ह असलेली एक फाईल. काकांनी क्लिक केलं, काहीच उघडलं नाही. पुन्हा क्लिक केलं. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहतात तो सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि पडद्यावर पैशांची मागणी. टॅलीचा डेटा गेला. रोजचा बॅकअप ज्या पेनड्राइव्हमध्ये घ्यायचे तो त्याच मशीनला लावलेला, म्हणून तोही गेला. थोड्या वेळात गेटवरून फोन, काटा चालत नाही. बिल निघेना आणि बिलाशिवाय गाडी गेटबाहेर जाईना. संध्याकाळपर्यंत सळई भरलेल्या ट्रकची रांग लागली.

सगळ्यांनी काकांना धारेवर धरलं. ते बिचारे एवढंच म्हणाले, "अरे बाबा, ऑर्डरचा मेल होता. ऑर्डर आली तर उघडायची नाही का?"

आता जरा इंजिनिअर म्हणून पाहू. काकांनी उघडलेली फाईल पीडीएफ नव्हतीच. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' होतं. विंडोज ओळखीच्या प्रकारच्या फाइलींचं शेवटचं शेपूट मुळात लपवूनच ठेवतं, त्यामुळे काकांना 'डॉट पीडीएफ'पर्यंतच दिसलं. चिन्ह तर प्रोग्राम लिहिणारा हवं ते लावू शकतो. ही युक्ती फार जुनी आहे. ४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसने हेच केलं होतं. त्याची फाईल 'टीएक्सटी' म्हणजे साधी मजकुराची वाटायची, पण शेवटी लपलेलं होतं 'व्हीबीएस', म्हणजे चालणारी स्क्रिप्ट. उघडली की ती फोटोंसारख्या फाइली खराब करायची आणि आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवायची. म्हणजे पुढच्या माणसाला मेल यायचा तो ओळखीच्याच माणसाकडून. 'अनोळखी मेल उघडू नका' हा सल्ला तिथेच निकालात निघाला.

तो लिहिणारा ओनेल डी गुझमन हा मनिलाच्या कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी होता. पासवर्ड चोरण्याच्या प्रोग्रामवरचा त्याचा प्रकल्प कॉलेजने नाकारला होता. फिलिपिन्समध्ये तेव्हा असा कायदाच नसल्यामुळे तो सुटला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस सोडणं कलम ४३ मध्ये येतं आणि ते लबाडीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. होस्टेलवर 'गंमत म्हणून' प्रयोग करणाऱ्यांनी हे जरूर वाचून ठेवावं.

दुसरी वाट मॅक्रोची. २६ मार्च १९९९ ला आलेला 'मेलिसा' वर्डच्या साध्या डॉक्युमेंटमध्ये बसून आला आणि अ‍ॅड्रेस बुकमधल्या पहिल्या ५० जणांना पुढे गेला. इथे 'ईएक्सई' वगैरे काही नाही, खरीखुरी वर्ड फाईल! गंमत म्हणजे ही वाट वीस-बावीस वर्षं उघडीच राहिली. 'एमोटेट' नावाच्या मालवेअरने हीच वापरली. मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये. म्हणून एखादी फाईल 'एनेबल कंटेंट' दाबा म्हणून गळ घालत असेल तर दाबू नका.

मग अँटिव्हायरस कशासाठी? इथे आपल्या मराठी माणसांची आठवण काढायलाच हवी. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे पुण्यात त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारा प्रोग्राम लिहिला. १९९५ च्या सुमारास त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं. तेव्हा व्हायरस फ्लॉपीवरून यायचे, गावोगाव पोचायला वेळ लागायचा. ई-मेलने तो वेळच काढून घेतला. अँटिव्हायरस कुठल्याही कंपनीचा असो, त्याचं एक काम पोलीस चौकीत लावलेल्या गुन्हेगारांच्या फोटोंसारखं असतं. फोटो असेल तर चोर लगेच ओळखू येतो. आज सकाळीच तयार झालेल्या व्हायरसचा फोटो कुठून असणार? आता फाईलच्या वागण्यावरूनही संशय घेतला जातो, आणि तो उपयोगी आहेच. पण आमच्या त्या ऑफिसात 'मशीन स्लो होतं' म्हणून कोणीतरी अँटिव्हायरस बंदच करून ठेवला होता. असं कितीतरी ठिकाणी असतं.

मेल कोणाकडून आला हेही नुसतं नाव पाहून कळत नाही. पोस्टाच्या पाकिटावर 'प्रेषक' म्हणून काहीही लिहिता येतं, तसंच मेलचं आहे. त्यासाठी कंपनीच्या डोमेनवर 'एसपीएफ' आणि 'डीकेआयएम' लावतात. पहिल्यात आमचा मेल कोणत्या सर्व्हरवरून निघेल ते जाहीर असतं, दुसरी डिजिटल सही असते. हे जुळलं नाही तर मेलचं काय करायचं ते 'डीमार्क' सांगतं. अर्थात पार्टीचा खरा मेलबॉक्सच कोणी ताब्यात घेतला असेल तर हे तिन्ही पास होतात. तेव्हा उपाय जुनाच, पार्टीला फोन लावायचा. आणि तो मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नाही, आपल्या वहीतल्या नंबरावर.

आता वजनकाट्याकडे येतो. तिथे कोणीच मेल उघडला नव्हता. व्हायरस बसला होता काकांच्या मशीनवर, आणि तिथून जिथे जिथे लिहिता येत होतं तिथे त्याने लिहिलं. काट्याच्या डी ड्राइव्हचं दार मी उघडं ठेवलं होतं. काकांच्या एका क्लिकने एक मशीन गेलं असतं. ट्रकची रांग लागली ती माझ्या 'फुल कंट्रोल'मुळे. मी हे मेन्टेनन्सच्या सरांना दोन दिवसांनी सांगितलं. ते दोन दिवस काका बोलणी खात होते.

नेटवर्क सपाट असलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण जून २०१७ चं. ड्राय पोर्टमुळे ज्या जेएनपीटीचं नाव जालन्यात सगळ्यांना माहीत आहे, तिथल्या एका टर्मिनलचं काम 'नॉटपेट्या'मुळे ठप्प झालं. तो मेलने नाही, युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि मर्स्क या शिपिंग कंपनीच्या नेटवर्कमधून मुंबईजवळच्या बंदरापर्यंत आला. तो ज्या त्रुटी वापरत होता त्यांवरचं विंडोजचं अपडेट मार्चमध्येच निघालं होतं, पण चोरलेले पासवर्ड वापरून तो अपडेट केलेल्या मशीनवरही जात होता.

आमच्याकडे दुरुस्ती अशी झाली. सीए साहेबांच्या ऑफिसात दीड महिन्यापूर्वीची टॅलीची प्रत निघाली. बाकी सगळं कागदी बिलांवरून पुन्हा भरलं. काका, मी आणि स्टोअरचा एक मुलगा, अकरा रात्री बसलो. पैसे शेठनी दिले नाहीत आणि ते बरोबरच केलं, कारण पैसे देऊन फाइली परत मिळतीलच याची खात्री कोणीच देत नाही. तुमच्यासमोर असं घडलं तर आधी नेटवर्कची वायर काढा, बाकीच्यांना ओरडून सांगा, फाइली पुसू नका. १९३० या हेल्पलाइनवर तक्रार होते. २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं. आम्हाला त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं.

ट्रेनिंग संपण्याआधी सरांनी आणि मी मिळून थोडं केलं. सगळ्या मशीनवर फाईलचं पूर्ण नाव दिसेल असं सेटिंग केलं. रोजच्या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं बंद, साधं खातं सुरू. बॅकअपसाठी दोन हार्ड डिस्क घेतल्या, एक दिवसाआड बदलायच्या, आणि जी लावलेली नाही ती शेठच्या कपाटात. मेल सर्व्हिसवाल्यांना सांगून चालणाऱ्या फाइली दारातच अडवल्या, झिपच्या आतल्यासुद्धा. स्विच साधाच होता, व्हीलॅन करता येण्यासारखा नव्हता. नवा घ्यायला शेठ तयार झाले नाहीत. म्हणून वजनकाट्याची वायर सरळ काढून टाकली.

त्यामुळे काट्याची फाईल आता पुन्हा पेनड्राइव्हनेच डिस्पॅचला जाते. डिस्पॅचवाले माझ्यावर अजून नाराज आहेत.