'जोन द वुमन' : इतिहास आणि पडदा

ऐतिहासिक चित्रपट पाहताना 'हे असेच घडले का?' हा प्रश्न आपण विचारतोच. परंतु 'हे याच वेळी का सांगितले?' हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सेसिल बी. डिमिल यांचा 'जोन द वुमन' (१९१६) हा अमेरिकन मूकपट पाहताना मला ते पटले.

जोन ही फ्रान्समधील एका खेड्यातील शेतकऱ्याची निरक्षर मुलगी. आपल्याला संतांची वाणी ऐकू येते, असे ती सांगे. १४२९ मध्ये तिच्यामुळे हुरूप आलेल्या फ्रेंच सैन्याने ऑर्लेआँचा इंग्रजी वेढा मोडला. पुढे ती पकडली गेली, इंग्रजांच्या हाती पडली. धर्मन्यायालयाने तिला पाखंडी ठरवले आणि ३० मे १४३१ रोजी रूआँ येथे तिला जिवंत जाळण्यात आले.

आता दिग्दर्शकाची अडचण पाहा. १९१६ साली महायुद्धात इंग्रज व फ्रेंच खांद्याला खांदा लावून लढत होते. मग जोनच्या कथेत इंग्रजांना खलनायक कसे करावे? पटकथाकार जीनी मॅकफर्सन यांनी तोड काढली. खंदकातील एका इंग्रज शिपायाला जुनी तलवार सापडते, जोन त्याला दर्शन देते. पूर्वजन्मी त्याने जोनवर प्रेम केले होते आणि तिचा घातही केला होता. त्याचे प्रायश्चित्त म्हणून तो मृत्यूच्या कामगिरीवर जातो. म्हणजे इंग्रजांचे जुने पाप फ्रान्सच्याच भूमीवर फिटते! अमेरिका तेव्हा तटस्थ होती. एप्रिल १९१७ मध्ये ती युद्धात उतरली.

ही प्रेमकथा इतिहासात नाही. जोनची भूमिका केलेली प्रसिद्ध ऑपेरा गायिका जेराल्डिन फरार चौतिशीची; जोन मेली तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती. तरीही युद्धाचे प्रसंग भव्य आहेत आणि कृष्णधवल पडद्यावर रंगवलेल्या ज्वाळा अंगावर काटा आणतात.

मात्र खरी जोन मला भेटते ती खटल्याच्या नोंदींत. विद्वान न्यायाधीशांना ती एकटी निर्भयपणे उत्तरे देते. कार्ल ड्रायर यांनी १९२८ च्या आपल्या मूकपटात लढाया वगळून नेमका हा खटलाच निवडला.

१४५६ मध्ये तिची शिक्षा रद्द झाली, १९२० मध्ये तिला संतपद मिळाले. ज्या धर्मसत्तेच्या न्यायासनाने जाळले, तिनेच पुढे पूजले. प्रत्येक काळ आपल्याला हवी ती जोन घडवतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पडद्यावरील जोनला मनापासून दाद द्यावी. पण घरी येऊन मूळ नोंदी उघडाव्यात.