नऊशेचा आकडा सोडून दे

मिरज

चि. मनू,

तू फोटो काढून पाठवलेलं आठवडाभराच्या खाण्याचं टिपण नीट वाचलं. सोमवार ते शुक्रवार रोज ९०० कॅलरी, एखाद दिवशी ८५०. सकाळी काळी कॉफी आणि सफरचंद, दुपारी काकडी, गाजर आणि दोन अंड्यांचा नुसता पांढरा भाग, रात्री वाटीभर सूप. खाली तुझा प्रश्न, की एवढं करूनही महिनाभर काटा हलत नाही, तर आता आणखी काय बंद करू? काहीही बंद करू नकोस. तुला खाणं वाढवायचं आहे. माझी सगळी नोकरी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून गेली, तेव्हा मावशी मायेपोटी म्हणते आहे असं समजून हे बाजूला ठेवू नकोस. आधी हिशेबच मांडते.

तुझं वय २४, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६८ किलो. तू दिवसभर अंथरुणात पडून राहिलीस, बोटही हलवलं नाहीस, तरी हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं आणि मेंदू चालवायला सुमारे १,४०० कॅलरी लागतात. हा आकडा ज्या सूत्रातून येतो ते परदेशी माणसांच्या मोजमापांवरून बांधलेलं आहे, आपल्याकडे आकडा थोडा खाली येतो. पण ९०० पर्यंत येत नाही. त्यावर ऑफिसला जाणं-येणं, जिने, कपडे धुणं, खुर्चीतलं काम धरलं की दिवसाचा खर्च १,८०० ते १,९०० च्या घरात जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली काढलेल्या प्रमाणांत ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला रोज १,६६० कॅलरी सांगितल्या आहेत. तू तिच्यापेक्षा १३ किलोंनी जड आहेस. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे रोज चारशे-पाचशे कॅलरी कमी खाल्ल्या की आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतं. त्याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत अर्धा किलो हीच सुरक्षित गती धरली आहे, आणि वजन उतरवण्याचा आहार १,००० कॅलरींच्या खाली जाऊ नये असंही बजावलं आहे. तेव्हा तुझा आकडा १,४०० ते १,५००. त्यात नाश्ता, दोन व्यवस्थित जेवणं आणि संध्याकाळचं खाणं सुखाने बसतं.

मग ९०० वर काटा का थांबला? तू लिहिलं आहेस की कमी खाल्लं की शरीर सावध होतं आणि वजन उतरणंच बंद होतं, असं मैत्रिणीने सांगितलं. हे अर्धं खरं आहे. शरीर खर्चाला हात आखडता घेतं हे नक्की, पण वजन जागच्या जागी थांबावं इतका नाही. तसं असतं तर दुष्काळात कोणी खंगलंच नसतं. कारण वेगळं आहे आणि ते तुझ्याच टिपणात आहे. शनिवार-रविवारची पानं कोरी आहेत. गुरुवारच्या समासात ‘बेकरी’ असं लिहून त्यावर रेघ मारली आहेस. १९९२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या माणसांचं खाणं काटेकोर मोजलं, तेव्हा ती माणसं आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी लिहीत होती. ती खोटं बोलत नव्हती, त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. तुझंही तेच होतं आहे, आणि त्याचा दोष मी तुझ्या जिभेला देणार नाही. दिवसभर हजाराच्या आत राहिलेल्या मुलीला संध्याकाळी सहा वाजता अय्यंगार बेकरीसमोरून जायला सांगायचं, आत खारा बन नुकताच निघालेला, काचेमागे काँग्रेस शेंगदाणे आणि हनी केक, आणि तिने मान वळवून निघून जावं! हे मनोबलाचं काम नाही. जो आकडा सलग दहा दिवस पाळता येत नाही तो तुझा नव्हे. दिवसा अर्धपोटी राहून वाचवलेलं रात्री आणि सुट्टीच्या दिवशी दुपटीने जातं, आणि वर अपराधी वाटतं ते निराळं. त्यात मीठ, पाळीचे दिवस आणि अपुरी झोप यांनी शरीरात पाणी साठतं, की एक-दीड किलो वर-खाली होणारच. तेव्हा रोज काट्यावर उभी राहू नकोस. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी.

भुकेने माणसाच्या डोक्याचं काय होतं याचा एक प्रयोग मी माझ्या विद्यार्थिनींना आवर्जून शिकवायची. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग सुरू केला. युद्धाने उपासमार झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे त्यांना शोधायचं होतं. आधी काही आठवडे त्या तरुणांना पोटभर जेवण दिलं आणि मग २४ आठवडे खाणं निम्म्यावर आणलं, सरासरी १,५७० कॅलरी. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांश घटलं. पण वाचण्यासारखं आहे ते पुढचं. ऐन उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची. हसणं-बोलणं कमी झालं, चिडचिड वाढली. पाककृतींची पुस्तकं कधी हातात न धरलेले ते तरुण ती जमवून रात्री वाचत बसायचे. ताटं चाटायची, खाण्यात पाणी ओतून ते वाढवायचं, एकेक घास लांबवायचा. प्रयोग संपल्यावर खायला मिळालं तरी कितीतरी दिवस त्यांचं पोट भरेना, आणि परत आलेल्या वजनात चरबीच जास्त होती. कीज यांनी १९५० मध्ये यावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. ते पुरुष होते, मुळात सडपातळ होते, भरपूर चालत होते, त्यामुळे त्यांचा १,५७० चा आकडा तुला जसाच्या तसा लागू होत नाही. तरी ते सगळे खाण्याच्या विचाराने कसे झपाटले गेले होते ते बघ आणि तुझ्या मोबाइलमध्ये रात्री एक वाजता कोणते व्हिडिओ चालू असतात ते आठव. ते तू हावरट असल्याचं लक्षण नाही, तू उपाशी असल्याचं आहे.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते लिहिते. तू राहतेस त्या कर्नाटकातल्या येलहंक्याच्या गारव्यात एकटीलाच हुडहुडी भरते, कंगव्यात केसांचे पुंजके येतात, आणि पाळी दोन महिने आली नाही, असं तू शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलीस. हे सहज घेण्यासारखं नाही. खाणं तुटपुंजं झालं की शरीर सगळ्यात आधी ज्या कामाशिवाय आज जगता येतं ते थांबवतं. केस त्यातले, पाळी त्यातलीच. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं विरळ होऊ लागतात. हाडांची बेगमी तिशीच्या आसपासपर्यंतच होते, पुढे आयुष्यभर ती पुरवून वापरायची असते. घाईने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होतात, हेही मी वॉर्डात पुष्कळ पाहिलं. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं. ते काकडी-गाजरातून आणि अंड्याच्या पांढऱ्यातून यायचं नाही. अंडं खायचं तर पिवळ्यासकट खा.

तू ज्या गावात राहतेस तिथे नीट खाणं किती सोपं आहे हे मी जाणते, कारण तुझ्या काकांच्या व्हील अँड अॅक्सल प्लँटमधल्या नोकरीमुळे मीही येलहंका न्यू टाउनमध्ये संसार केला आहे. तेव्हा शेजारच्या बाईंकडून बस्सारू शिकले. आधी तूर किंवा मूग अर्धवट शिजवायचे, त्यात चिरलेली पालेभाजी टाकून आणखी उकळायचं, मग सगळं पाणी गाळून घ्यायचं. त्या पाण्यात वाटलेला लसूण, मिरी, जिरं, खोबरं, चिंच घालून सार करायचं, आणि वर राहिलेल्या डाळ-भाजीला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन पल्य. एका पातेल्यात डाळ, पालेभाजी, सार तिन्ही, आणि तेल चमचाभर. सोबत एक रागी मुद्दे घे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा. तो जमत नसेल तर नाचणीची भाकरी कर, ती तर तुझ्या आजीची. डिसेंबर-जानेवारीत बाजारात अवरेकाई येते, आपले पावटेच. भिजवून सोललेली हितिकिद बेळे आयती मिळते. तिची उसळ तू डाळिंब्यांसारखी करू शकतेस.

रागीबद्दल मात्र एक सांगून ठेवते. तुझ्या पीजीतल्या मुली ती वजन उतरवायची पावडर समजून पाण्यात कालवून पितात आणि जेवण टाळतात असं तू लिहिलंस. शंभर ग्रॅम रागीत सुमारे ३२० कॅलरी असतात, तांदूळ-गव्हापेक्षा फारशा कमी नाहीत. तिचं मोल आहे ते ३६० मिलिग्रॅमच्या वर जाणाऱ्या कॅल्शियममध्ये आणि चोथ्यात. ‘रागी लक्ष्मणय्या’ म्हणून कर्नाटक ज्यांना ओळखतं त्या सी. एच. लक्ष्मणय्यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून ‘इंडाफ’ वाणं काढली ती राबणाऱ्या माणसांच्या ताटात जास्त पीक पडावं म्हणून. ते धान्य पोट भरायला आहे. जेवण म्हणून खा.

कमी करायचंच असेल तर तेल, साखर आणि बेकरी इथे हात घाल. एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी, आणि पीजीच्या पल्यावर ते तरंगताना दिसतं. फिल्टर कॉफी घेतलीस तर तिच्यातली साखर काढ, दूध राहू दे. दर्शिनीत, त्या उभ्याने खायच्या हॉटेलात, जायला हरकत नाही: तीन साध्या इडल्या, सांबार दोनदा मागून घे. लोण्याचा गोळा ठेवलेला मसाला डोसा महिन्यातून एखाद वेळी, चवीने, कोणतीही शिक्षा न घेता. प्रथिनं दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास जावीत. दोन अंडी, दोन वाट्या डाळ किंवा उसळ, वाटीभर दही, थोडं पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या, मूठभर शेंगदाणे, आणि बाकीचं भाकरी-भातातून येतं. संध्याकाळी पाचला, भूक अनावर व्हायच्या आधी, चणे-दाणे किंवा ताक-केळं घेतलंस की सहाची बेकरी आपोआप मागे पडते.

आई तुला दोनदाच जेव म्हणते, ते डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेल्या आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवलेल्या पद्धतीवरून. ती पद्धत आईला मानवली, आनंद आहे. पण दोन वेळा जेवायचं म्हणजे पोटभर जेवायचं, हे त्यात गृहीत आहे. तू त्यांचं ‘दोनदा’ घेतलंस आणि मोबाइलचं ‘९००’ घेतलंस, आणि दोन्ही एकावर एक ठेवलीस. पाळी जागेवर येईपर्यंत तू तरी तीन-चार वेळा खा.

रोज संध्याकाळी एक तास धावण्याचं सध्या थांबव. येलहंका तळ्याच्या वाटेवर अर्धा-पाऊण तास चालणं पुरे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. वजन उतरताना स्नायूही झिजतात. प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम त्यांना धरून ठेवतात.

दादाच्या लग्नापर्यंत बारा किलो उतरवायचे हा हट्ट मी मान्य करत नाही. पहिल्यांदा साडेतीन किलो. वजनाचे पाच टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो, आणि ते दोन-अडीच महिन्यांत होण्यासारखं आहे. पुढचं पुढे ठरवू.

येत्या शनिवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. दोन महिने न आलेल्या पाळीचं सांग, केसांचं सांग, आणि किती खात होतीस तेही न लपवता सांग. पीसीओएस किंवा थायरॉइड असेल तर त्याचे उपचार वेगळे आहेत, म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घे आणि अहवाल मला पाठव. तुझे बाबा पुढच्या आठवड्यात राणी चन्नम्माने येताहेत, त्यांच्याबरोबर थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट देते आहे. भाजणी दोन महिने टिकते, डबा कोरडा ठेव. आणि रविवारचं पान या वेळी भरून पाठव, बेकरीसकट.

तुझी,
मावशी