घर हीच पहिली शाळा : ख्रिस्ती कुटुंबातील धर्मसंस्कार



धर्मांतर करणारी पहिली पिढी धर्म विचारपूर्वक स्वीकारते. तिच्या मुलांना मात्र तो घरातून आयता मिळतो. म्हणून या पिढीपुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. आपल्याला जे पटले, ते मुलांच्या मनात कसे रुजवावे? १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतही हा प्रश्न आला. महाराष्ट्रातील नवख्रिस्ती कुटुंबांपुढे तो त्याच्या कितीतरी आधीपासून होता. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये मिशनचे काम सुरू केले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातही ख्रिस्ती समाज आहे. या शेजाऱ्यांच्या अनुभवाचा अभ्यास आपणांस उपयोगी पडेल.

१) रमाबाई आणि मनोरमा

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासोबत मुलगी मनोरमा हिचाही बाप्तिस्मा झाला. तेव्हा ती अवघी अडीच वर्षांची होती. पिता ती वर्षाची होण्यापूर्वीच वारले होते. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या आणि मनोरमेच्या संगोपनाचा बराच भार वाँटेजच्या जोगिणींवर आला. त्यांच्यापैकी सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. पण याच आजीबाईंशी त्यांचा तीव्र वाद झाला.

ख्रिस्तावर श्रद्धा असली तरी त्रैक्यासारखी काही मते रमाबाईंना त्या वेळी पटलेली नव्हती. जे आईला पटलेले नाही ते मुलीच्या मनावर परस्पर बिंबवू नये, असा त्यांचा आग्रह होता. जोगिणींची माया खरी होती आणि त्यांचे उपकारही मोठे होते. तरीही मुलीच्या धर्मशिक्षणाविषयी शेवटचा शब्द आईचाच, हे रमाबाईंनी सोडले नाही. परक्या देशात, आश्रयदात्यांच्या घरी असे म्हणणे सोपे नव्हते. हा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे.

मनोरमा पुढे उच्चशिक्षित झाली आणि आईच्या शैक्षणिक कार्यात तिने आयुष्य वेचले. १९२१ साली तिचे निधन झाले. रमाबाई त्यानंतर जेमतेम आठ-नऊ महिने जगल्या.

२) टिळकांचे घर

कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह काही वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या. नंतर त्या पतीकडे परत आल्या, पण धर्म मात्र आपल्या मनाच्या गतीनेच १९०० साली स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात हा सारा प्रवास आहे. आई-वडिलांमधील धर्मभेदाची झळ मुलाला प्रथम लागते, हे येथे दिसते. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन यांतून ख्रिस्तभक्ती मराठीत आणली. त्यामुळे ख्रिस्ती मुलांना आपला धर्म मायबोलीत गाता आला.

३) संस्काराची पद्धत

अनेक ख्रिस्ती पंथांत अर्भकाचा बाप्तिस्मा होतो व त्याच्या वतीने पालक वचन देतात. मूल जाणते झाल्यावर दृढीकरणाच्या विधीत तेच वचन स्वतःच्या तोंडाने देते. म्हणजे पालकांनी पेरावे आणि मुलाने समजून स्वीकारावे, अशी ही दोन पायऱ्यांची रीत आहे. जोडीला रविवारची शाळा आणि घरातील सायंप्रार्थना असते. मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक १८७२ सालीच निघाले.

४) आजच्या अडचणी

वडील नोकरीसाठी मुंबईला, मुले शिक्षणासाठी कोल्हापूरला आणि घरी आजी-आजोबा, अशी स्थिती आपल्या गगनबावड्यासारख्या डोंगरी भागात कोणत्याही धर्माच्या घरी आढळते. एकत्र बसण्याची वेळ मोबाईलने घेतली. मग धर्मशिक्षण रविवारच्या शाळेवर सोपवून पालक मोकळे होतात. परंतु आठवड्यातील एक तास उरलेल्या दिवसांची उणीव भरून काढू शकत नाही. घरात भांडण, व्यसन, खोटेपणा असेल तर मूल शिकवण ऐकत नाही, वागणूक पाहते. वयात आलेली मुले शंका विचारतात, तेव्हा ‘गप्प बस’ म्हणणे ही श्रद्धा गमावण्याची सुरुवात असते.

राज्यघटनेच्या कलम २५ ने धर्मस्वातंत्र्य दिले. कलम २८ नुसार शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणास हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. रमाबाईंनी एकटीने जो हक्क मागितला, तो आज प्रत्येक पालकास आहे. हक्काबरोबर जबाबदारीही आली.

५) बोध

पालकांना स्वतःला जे पटले आहे तेच शिकवावे आणि तसेच वागावे. संस्था मदतीला घ्यावी, पण पालकत्व तिच्या स्वाधीन करू नये. मुलाच्या प्रश्नाला वेळ द्यावा व निर्णयाला जागा ठेवावी. धर्म कोणताही असो, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे कुटुंब एकत्र बसले तरी पुष्कळ साधेल.

विचारासाठी प्रश्न

१. रमाबाईंचा आग्रह योग्य होता काय? कारणे द्या.
२. तुमच्या घरात मुलांच्या शंकांना उत्तर कोण देते?
३. बालपणीचा संस्कार आणि जाणतेपणीचा स्वीकार यांत फरक कोणता?