प्रिंटर एक, मशीन्स तऱ्हेतऱ्हेची

सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या विंगमधला प्रिंटर रुसला नाही, अशी सेमिस्टर आठवत नाही. मुलांकडे विंडोज, उबुंटू, एकाकडे मॅक. प्रिंटर यूएसबीने एकाच्याच पीसीला जोडून शेअर केलेला. तो गडी पीसी बंद करून गावी गेला, की सगळ्यांची बोंब!

म्हणून लॅन पोर्ट असलेला लेझर प्रिंटर सरळ स्विचला जोडा. पण डीएचसीपीने त्याचा पत्ता बदलला, की विंडोज बिचारं जुन्याच दारावर थापा मारत बसतं. तेव्हा राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसवर (ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही!) एक आयपी कायमचा राखून ठेवा. विंडोजमध्ये ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ घ्या, पोर्ट ९१००. लिनक्स आणि मॅक, दोन्हीकडे छपाईचं काम ‘कप्स’ बघतं. तिथे आयपीपी निवडा, पोर्ट ६३१.

खरी गोम आहे भाषेची. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल समजणारा प्रिंटर सहसा कुणाचंही ऐकतो. स्वस्तातले काही प्रिंटर मात्र पान स्वतः रचतच नाहीत. ते काम पीसीतल्या ड्रायव्हरवर ढकलतात. तो ड्रायव्हर लिनक्ससाठी नसेल, तर केबल ठीक, पिंगही लागतं, आणि कागदावर नुसती गिचमिड. घेण्याआधी खोक्यावरची भाषांची ओळ वाचा. आम्ही खोका आधी रद्दीत घातला होता.