समूहाची भिंत : जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाचा एक विचार

पदव्युत्तर वर्गात ‘घाशीराम कोतवाल’ शिकविले जाते ते बहुधा विजय तेंडुलकरांची छापील संहिता म्हणून. ‘सिंहासन’चा विचार होतो तो अरुण साधूंची कादंबरी म्हणून. दोन्ही कृतींना रंगमंचावर आणि पडद्यावर रूप देणारा दिग्दर्शक मात्र या अध्यापनात नाममात्र उल्लेखापुरता उरतो. दिग्दर्शन हेही साहित्यकृतीचे एक वाचन असते, आणि जब्बार पटेल यांच्या वाचनाचा केंद्रबिंदू ‘समूह’ हा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

पटेल यांचा जन्म १९४२ साली पंढरपूर येथे झाला. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच ते प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेच्या नाट्यकार्यात रमले. व्यवसायाने ते बालरोगतज्ज्ञ. तेंडुलकरांचे ‘अशी पाखरे येती’ त्यांनी १९७० मध्ये दिग्दर्शित केले. नाटककार आणि दिग्दर्शक यांचे दीर्घ साहचर्य येथपासून दृढ होत गेले.

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. माणसांच्या रांगेने उभी केलेली भिंत ही मूळ कल्पना तेंडुलकरांची. ती संहितेतच आहे. तथापि कागदावरील रंगसूचनेला लय, गती आणि नाद लाभला तो प्रयोगात. पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन यांतून ही रांग क्षणात भक्तांचा मेळा होते, तर क्षणात पाठ फिरवून मागे चाललेला व्यवहार झाकते. येथे समूह पार्श्वभूमी नाही. सत्तेला आडोसा देणारे ते एक पात्रच आहे. नाना आणि घाशीराम यांच्यातील सौदा या आडोशाशिवाय संभवत नाही. अखेरीस घाशीरामचा बळी घेणारा जमावही सूत्रधार नानाला मात्र हात लावीत नाही.

नाटकावर ऐतिहासिक व्यक्तीच्या व ब्राह्मण समाजाच्या बदनामीचा आक्षेप घेतला गेला. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबविले. संबंधित कलावंतांनी १९७३ साली ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली आणि १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. या वादात चर्चा फिरत राहिली ती नाना फडणवीस या व्यक्तीभोवती. प्रयोगाचा रोख मात्र सत्तेला आडोसा देणाऱ्या रांगेवर होता. केवळ संवाद वाचणाऱ्या अभ्यासकाकडून हीच गफलत होण्याचा संभव असतो. कारण भिंतीचे मौन संवादांत सापडत नाही.

हाच प्रश्न पटेल यांनी चित्रपटमाध्यमात नेला. तेंडुलकरांची पटकथा असलेल्या ‘सामना’त (१९७५) मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न गावाच्या मौनावर आदळत राहतो. हिंदुराव धोंडे पाटलाची सत्ता त्या मौनावर उभी आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) ठाकर समाजाचा समूह गीतांतून कथा सांगतो, येथे तो साक्षी आणि निवेदक आहे. ‘सिंहासन’साठी (१९७९) साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफण्यात आल्या. मंत्रालयातील खेळी आणि महानगरातील कष्टकऱ्यांचे जगणे समोरासमोर ठेवले गेले ते या गुंफणीमुळे. सर्व काही पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस शेवटी भ्रमिष्ट होतो. भिंतीमागचे दिसते, परंतु ते बदलता येत नाही, अशी त्याची अवस्था आहे.

शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर आधारित ‘उंबरठा’त (१९८२) दृष्टिकोन पालटतो. येथे भिंत स्त्री-सुधारगृहाची आहे, तशीच ती सुलभा महाजनच्या प्रतिष्ठित घराचीही आहे. समूहाच्या मौनात सामील होण्यास नकार देणाऱ्या व्यक्तीला कोणती किंमत मोजावी लागते, हा या चित्रपटाचा विषय होय.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) हा चरित्रपट असल्याने त्यात व्यक्ती केंद्रस्थानी येणे अपरिहार्य होते, आणि त्यामुळे पूर्वीच्या कृतींतील समूहरचनेची घनता येथे काहीशी विरळ होते, हे मान्य करावयास हवे. तरीही महाडच्या सत्याग्रहाचे चित्रण या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. झाकण्यासाठी पाठ फिरविणारी रांग आणि आपल्या हक्काच्या पाण्याकडे चालत जाणारे लोक, ही समूहाची दोन टोके होत.

सारांश, या वाटचालीत माध्यमे बदलली, लेखक बदलले. परंतु अन्यायाच्या वेळी बाकीचे लोक कोठे उभे असतात, हा प्रश्न कायम राहिला. म्हणून ‘घाशीराम’ शिकविताना विद्यार्थ्यांना एखादा प्रवेश वर्गात उभा करावयास सांगणे उपयुक्त ठरेल. आपण स्वतः त्या रांगेत उभे राहून पाठ फिरविली, की संहितेतील एका ओळीच्या रंगसूचनेचे वजन जाणवते. कोणत्याही भाष्यापेक्षा ते अधिक बोलके असते.